या नावाचा उतारा कुठं मिळतो?

सनद घेऊन मी सरांच्या ऑफिसात बसायला लागले तेव्हा तिथली बहुतेक कामं जमिनीची होती. वाटप, वहिवाटीची वाट, कुळकायदा, बहिणींना वगळून झालेल्या वारसनोंदी. सांगलीत वकिली म्हणजे हेच, असं मी धरून चालले होते. एके दिवशी सरांनी एका हळद व्यापाऱ्याची फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कॉम्प्युटरचं आहे, तू बघ." ऑफिसात वयानं सर्वांत लहान असणं एवढीच माझी पात्रता.

फाइलमध्ये एकच कागद होता. शेठनी स्वतः लिहिलेला अर्ज: 'आमचे नाव चोरीस गेले आहे, तरी मिळवून द्यावे.'

नाव म्हणजे पेढीचं डॉट कॉम. शेठच्या भाच्यानं पुण्यात शिकत असताना, २००० च्या आसपास, ते नोंदवलेलं. छोटं आणि सोपं, म्हणून बाहेरच्या खरेदीदारांच्याही लक्षात राहणारं. दुबईचे, मलेशियाचे व्यापारी त्याच पत्त्यावर मेल करत. त्यातल्या एकानं फोन करून विचारलं, "शेठ, तुम्ही बँक बदलली का?" शेठनी बँक बदललेली नव्हती. नव्या खात्यावर पैसे पाठवा असा मेल मात्र पेढीच्या पत्त्यावरून गेलेला होता. वेबसाइट उघडून बघितली, तर तिथं हळदीच्या पोत्यांच्या फोटोऐवजी इंग्रजीत पाटी: हे नाव विकाऊ आहे.

मला आधी वाटलं वेबसाइट हॅक झाली असेल, जुनी प्रत चढवली की झालं. होस्टिंगवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं सगळं जागेवर आहे. फाइली आहेत, मेलबॉक्स आहे. नावच आता आमच्याकडं बघत नाही." हे वाक्य समजायला मला बराच वेळ लागला. वेबसाइट एकाकडे, मेल दुसऱ्याकडे आणि नाव तिसऱ्याकडेच असू शकतं, आणि पहिल्या दोघांकडे जायचा रस्ता नाव दाखवतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या व्हेरिसाइन या कंपनीकडे असते. तिच्याकडे आपण थेट जात नाही. मधे रजिस्ट्रार असतो, तो नाव नोंदवून देतो आणि दरवर्षी पैसे घेतो. रजिस्ट्रारच्या हाताखाली अनेकदा रीसेलर असतो. आणि या सगळ्यांच्या वर, रजिस्ट्रारना परवाना देणारी आयकॅन नावाची संस्था, कॅलिफोर्नियात.

शेठची पावती रीसेलरची होती. त्याचा फोन लागेना.

चोरी कशी झाली ते भाच्याशी बोलल्यावर उलगडलं. नोंदीवर त्याचा कॉलेजातला फुकटचा मेल आयडी होता. तो वापरात नाही म्हणून मेल कंपनीनं कधीच बंद केलेला. बंद झालेला आयडी पुन्हा कुणालाही उघडता येत होता, आणि तो कुणीतरी उघडला. मग रजिस्ट्रारच्या पानावर जाऊन 'पासवर्ड विसरलो' म्हटलं. नवा पासवर्ड त्याच आयडीवर आला. आत शिरून ट्रान्सफरचं लॉक काढलं, ट्रान्सफरला लागणारा ऑथ कोड घेतला आणि नाव दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवलं. हे सगळं कित्येक महिन्यांपूर्वीच होऊन गेलं होतं. चोरानं रस्ता दाखवणाऱ्या नोंदी, म्हणजे नेमसर्व्हर, तशाच ठेवल्या. वेबसाइट चालू, मेल चालू, कुणाला काय कळणार? ट्रान्सफर झाल्यावर साठ दिवस रजिस्ट्रार सहसा नाव पुन्हा हलवू देत नाही. ते दिवस सरले आणि मग पाटी बदलली.

शेठना वाटत होतं आपण खेडवळ, म्हणून फसलो. त्यांना मी पर्ल डॉट कॉमची गोष्ट सांगितली. पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा. तिचं नाव सांभाळणारे लोक आयुष्यभर कॉम्प्युटरच्याच कामातले. जानेवारी २०२१ मध्ये तेही नाव असंच पळवलं गेलं. त्यांच्या अंदाजानुसार रजिस्ट्रारच्या खात्यावर ताबा आदल्या वर्षीच्या सप्टेंबरातच मिळवलेला होता, डिसेंबरात नाव एका चिनी रजिस्ट्रारकडे गेलं, नेमसर्व्हर तसेच राहिले, आणि जानेवारीत ते जर्मनीतल्या रजिस्ट्रारकडे पोचल्यावर बोंब झाली. तोवर ते १,९०,००० डॉलरला विक्रीलाही लागलं होतं. त्यांचं नाव फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत मिळालं. शेठ म्हणाले, "म्हंजे शिकल्याल्यांचं बी जातंय." त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

मी सरांना सगळं समजावलं. रजिस्ट्रारचं उत्तर वाचून दाखवलं: आमच्या नोंदीप्रमाणे ट्रान्सफरची सूचना नोंदणीकृत मेलवर पाठवली होती, तिथून हरकत आली नाही. सरांनी चष्मा काढला. "म्हणजे तलाठ्यानं फेरफार धरला, नोटीस पण काढली, आणि ती बजावली चोराच्याच घरी."

ही ओळख पटल्यावर मला पहिल्यांदा पायाखाली जमीन लागली. पण ती फार वेळ टिकली नाही. फेरफाराला पंधरा दिवस हरकतीचे. इथं आयकॅनच्या नियमाप्रमाणे, आणि हा नियम नोव्हेंबर २००४ पासूनचा, जुना रजिस्ट्रार पाच दिवस गप्प बसला की ट्रान्सफर आपोआप पुढे जातं. फेरफार चुकला तर प्रांताकडे अपील, त्यावर आणखी वर. इथं वर कोण?

सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या हवालदारसाहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती रक्कम गेली?" रक्कम गेली नव्हती, दुबईच्या माणसानं फोन केला म्हणून वाचली होती. १९३० वर फोन करा म्हणाले. तो नंबर पैशांच्या फसवणुकीचा, खातं गोठवायला उपयोगी. आम्हाला गोठवायचं होतं नाव. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-क आणि ६६-ड ही कलमं, म्हणजे दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरी, मी लिहून नेली होती. चोरीचं कलम लावायचा आग्रहही मीच धरला आणि त्याबद्दल मला अजून थोडा अभिमान आहे. जुन्या दंडसंहितेत जंगम मालमत्तेच्या व्याख्येत 'मूर्त' हा शब्द होता. हाताला लागत नाही ती वस्तू चोरीला गेली असं म्हणायला अडचण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या व्याख्येतून तो शब्द गेला आहे. हवालदारसाहेबांनी दोनदा वाचलं आणि साहेबांना विचारून सांगतो म्हणाले. तक्रार घेतली गेली. 'चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन' या रकान्यात काय लिहायचं यावर मात्र आमचा बराच खल झाला.

आयकॅनकडे परवानगीशिवाय झालेल्या ट्रान्सफरची तक्रार करता येते. मी ती केली. उत्तर आलं ते सभ्य होतं. रजिस्ट्रारनं करार पाळला की नाही ते आम्ही विचारू शकतो, नाव कुणाचं हे ठरवणं आमचं काम नाही. ट्रान्सफरच्या वादासाठी त्यांची वेगळी पद्धत आहे, पण तिथं दाद मागू शकतो फक्त रजिस्ट्रार, दुसऱ्या रजिस्ट्रारविरुद्ध, तीही बारा महिन्यांच्या आत. ज्याचं नाव गेलं त्याला त्या दारातून प्रवेश नाही. दुसरी पद्धत १९९९ सालची, जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे चालते. एका पंचासाठी फी १,५०० डॉलर. ती आहे ट्रेडमार्कवाल्यांसाठी: तुमच्या ब्रँडसारखं नाव दुसऱ्यानं वाईट हेतूनं घेतलं तर. आपलंच नाव आपल्याच खात्यातून गेलं तर आधी ब्रँड सिद्ध करत बसायचं. शेठनी ब्रँडची नोंदणी कधी केलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे आणि सिफीनेट यांच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण दिलं, ते मी आनंदानं सरांपुढे ठेवलं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "हा सारख्या नावाचा वाद आहे गं. आपला चोरीचा आहे."

मग मी त्या खटल्यापाशी पोचले ज्याचं नाव सरांसमोर उच्चारताना माझी पंचाईत झाली. सेक्स डॉट कॉम. मी आधी 'क्रेमेन विरुद्ध कोहेन' एवढंच म्हणत राहिले. सरांनी "कसलं नाव होतं ते?" असं विचारलंच. मी प्रिंटआउट पुढे केला.

गॅरी क्रेमेन या माणसानं १९९४ मध्ये ते नाव नेटवर्क सोल्युशन्स या रजिस्ट्रारकडे नोंदवलं. तेव्हा नोंदणी फुकट होती. 'ऑनलाइन क्लासिफाइड्स' या आपल्या धंद्याच्या नावानं त्यानं ती केली. ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टीफन कोहेन यानं एक बनावट पत्र तयार केलं. पत्र जणू ऑनलाइन क्लासिफाइड्सचंच. आम्ही क्रेमेनला कामावरून काढलं आहे, हे नाव आम्हाला नको, ते कोहेनला द्यायला आमची हरकत नाही. आणि हे मेलनं का कळवत नाही? तर आमच्याकडे इंटरनेट नाही! नावातच ऑनलाइन असलेली कंपनी. नेटवर्क सोल्युशन्सनं क्रेमेनला एक फोनही न करता नाव देऊन टाकलं. क्रेमेननं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की आता उशीर झाला.

पाच वर्षांनी, २००० च्या अखेरीस, कोर्टानं नाव परत द्यायला लावलं आणि २००१ मध्ये कोहेनवर साडेसहा कोटी डॉलरचा हुकूमनामा केला. कोहेन मेक्सिकोला पळाला. तो २००५ मध्ये तिहुआनात पकडला गेला. हुकूमनामा हातात आणि वसुली शून्य, हे दुखणं आमच्या ऑफिसातल्या निम्म्या पक्षकारांना सांगावं लागणार नाही. म्हणून क्रेमेन रजिस्ट्रारवर गेला: तुम्ही दिलंत, तुम्ही भरा.

खालच्या कोर्टानं रजिस्ट्रारला सोडलं. वरच्या कोर्टात जुलै २००३ मध्ये न्यायाधीश ॲलेक्स कोझिन्स्की यांनी जो निकाल लिहिला तो मी परत परत वाचला, कायद्यासाठी तर वाचलाच, पण इतक्या सोप्या भाषेत निकाल लिहिता येतो याचं आश्चर्य वाटलं म्हणूनही. करारभंगाचा मुद्दा त्यांनी फेटाळला. क्रेमेननं पैसेच दिले नव्हते, मोबदल्याशिवाय करार कसला? पण मालमत्तेचा मुद्दा उचलून धरला. हक्क नेमका सांगता येतो का, एकट्याच्या ताब्यात राहतो का, त्यावर दावा सांगणाऱ्यानं तो रीतसर मिळवला आहे का? तिन्हीला उत्तर हो. मग ती मालमत्ता. आणि एकाची मालमत्ता त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देऊन टाकली, तर आम्ही चांगल्या हेतूनं दिली हा बचाव चालत नाही. खोट्या पत्रावरून कंपनीनं भागधारकाचे शेअर तिसऱ्याच्या नावे केले तर कंपनी जबाबदार धरली जाते, रजिस्ट्रारला वेगळा न्याय का, असा त्यांचा मुद्दा. खटला चालवा म्हणून त्यांनी परत पाठवला आणि पुढे दोघांनी तडजोड केली.

इथं मी अडकले ते वेगळ्याच कारणानं. तीन वर्षं आधी, २००० मध्ये, व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं अम्ब्रो कंपनीच्या खटल्यात म्हटलं होतं की डोमेन नाव रजिस्ट्रारच्या सेवेपासून सुटं करता येत नाही, ते सेवेच्या करारातून आलेलं आहे, त्यामुळे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी त्यावर जप्ती आणता येत नाही. एका राज्यात नाव मालमत्ता, दुसऱ्यात सेवा. आणि डॉट कॉमची मूळ नोंदवही त्या दुसऱ्या राज्यात! त्याच व्हर्जिनियात, ॲलेक्झांड्रियाच्या फेडरल कोर्टात, चोर सापडत नसेल तर नावावरच दावा लावता येतो, अमेरिकेच्या १९९९ च्या कायद्यानं. हे सरांना लगेच पटलं. मुंबई उच्च न्यायालयात बोटीवर दावा लावून ती बंदरात अडकवतात, तसंच. फक्त अमेरिकन वकिलाची फी ऐकून शेठ म्हणाले, "तेवढ्यात नवीन पेढी हुतीया की."

या वाचनातून माझं एक मत तयार झालं ते अजून तसंच आहे. रजिस्ट्रार स्वतःला पोस्टमन समजतो आणि प्रत्यक्षात त्याच्याकडे तलाठ्याचे अधिकार आहेत. त्यानं लॉक काढलं नाही तर नाव हलत नाही. वीस वर्षं एकाच माणसाच्या नावे असलेलं खातं, त्याचा पासवर्ड बदलतो, लगेच लॉक निघतं, लगेच ऑथ कोड मागितला जातो, नाव परदेशी जातं. एवढ्यावर कुणाचे कान उभे राहायला नकोत? भाच्याचा फोन नंबर नोंदीत होता, तो अजून चालू होता, त्यावर कुणी फोन केला नाही. खर्च होतो म्हणतात. पण असा खर्च न करणाऱ्या एका रीसेलरमुळे काय झालं ते २००५ च्या जानेवारीत जगानं बघितलं आहे.

पॅनिक्स ही न्यूयॉर्कची १९८९ पासूनची इंटरनेट कंपनी. तिचं नाव एका शनिवारी मेलबर्न आयटी या ऑस्ट्रेलियन रजिस्ट्रारकडे निघून गेलं. हजारो ग्राहकांचे मेल भलतीकडे जाऊ लागले. मेलबर्नचं ऑफिस शनिवार-रविवार बंद. तिथं सोमवार उजाडला, माणसं आली, तेव्हा नाव परत मिळालं. खाली एका रीसेलरनं परवानगी तपासलीच नव्हती हे नंतर मेलबर्न आयटीनं मान्य केलं. आयकॅनच्या सुरक्षा समितीनं त्याच वर्षी जुलैत नावं पळवण्याच्या प्रकारांवर सविस्तर अहवाल काढला. त्यातून पुढे, २०१२ पासून, प्रत्येक रजिस्ट्रारनं तातडीचा एक संपर्क ठेवायचा आणि त्यावर चार तासांत माणसानं उत्तर द्यायचं असा नियम आला. उत्तर नाही दिलं तर ट्रान्सफर उलटवता येतं.

चार तास! मी उड्या मारायचीच बाकी होते. नंतर कळलं की तो संपर्कही रजिस्ट्रार, मूळ नोंदवहीवाले आणि आयकॅन यांनीच एकमेकांत वापरायचा. शेठनी नाही, त्यांच्या वकिलानं तर नाहीच. शिवाय तो घटना ताजी असताना वापरायचा. आमची महिन्यांची शिळी.

शेवटी काम झालं ते कुठल्याही कलमामुळे नाही. पहिला रजिस्ट्रार दर वेळी नवा तिकीट नंबर देई आणि तेच उत्तर चिकटवी. म्हणून मी दुसऱ्या रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव ज्याच्याकडे पोचलं होतं त्याच्या, गैरवापराच्या तक्रारी घेणाऱ्या पत्त्यावर लिहायला लागले. पोलीस तक्रारीची प्रत, वीस वर्षांच्या पावत्या, वेबसाइटची जुनी पानं, दुबईला गेलेला खोटा मेल, त्यातलं खोटं खातं. सरांनी मसुदा बघून अर्धी विशेषणं खोडली. "तारखा ठेव, रडणं काढ." एका रात्री उशिरा उत्तर आलं, खाली एका खऱ्या माणसाचं नाव असलेलं. फसवणुकीचा पुरावा दिसत असेल तर पुढचं ट्रान्सफर रजिस्ट्रार अडवू शकतो, आणि त्यानं ते अडवलं होतं. नाव तिथंच थांबलं. या सगळ्या प्रकरणात मला पहिल्यांदा शांत झोप लागली ती त्या रात्री.

त्यानं पुढे सांगितलं: पहिल्या रजिस्ट्रारनं लेखी मागणी केली तर मी नाव परत करतो, पण त्यांनी मला हमीपत्र द्यावं, उद्या कुणी माझ्यावर दावा केला तर नुकसान ते भरतील असं. पहिला रजिस्ट्रार तयार झाला, एका अटीवर. शेठनी त्याला तसंच हमीपत्र द्यावं. म्हणजे ज्यानं नाव जाऊ दिलं, त्यालाच नाव गेलेल्यानं सांभाळून घ्यायचं. शिवाय त्याच्या हमीपत्रात एक ओळ होती, झालेल्या प्रकाराबद्दल शेठची रजिस्ट्रारविरुद्ध कुठलीही तक्रार उरलेली नाही.

सरांनी ती ओळ लाल पेनानं काढली आणि हमीपत्र परत पाठवलं. शेठ घाबरले. "साहेब, मोडतंय की जुळल्यालं." सर म्हणाले, "हळदीचा सौदा करताना पहिला भाव घेता का?" खोडलेलं हमीपत्र रजिस्ट्रारनं निमूटपणे स्वीकारलं. बहुधा कुणी वाचलंच नसावं. नाव परत आलं, भाच्याऐवजी पेढीच्या नावे झालं, मेल सुरू झाले. दुबईच्या माणसाला शेठनी स्वतः फोन केला. मधल्या काळात मेल कुणी कुणी वाचले आणि मलेशियाची एक जुनी ऑर्डर गप्प का झाली, ते कळायला मार्ग नाही.

आता उरली आहे ती पहिल्या रजिस्ट्रारला द्यायची नोटीस. रजिस्ट्रारच्या करारात लिहिलंय की त्यांची जबाबदारी भरलेल्या वार्षिक फीपेक्षा जास्त नाही, आणि वाद परदेशातल्या लवादापुढे. शेठची फी हजार रुपयांच्या आत. क्रेमेननं एक पैसाही भरला नव्हता, त्यामुळे असला करार त्याच्या आड आला नाही. शेठनी दरवर्षी न चुकता पैसे भरले, ते त्यांच्या आड येतायत. हे मी सरांना म्हटलं तेव्हा त्यांनी करारावरचं पान उलटं ठेवलं आणि म्हणाले, "मग कराराचं बोलायचंच नाही. वस्तू आमची, तुम्ही दिली दुसऱ्याला, तेवढंच लिही."

तसंच लिहिलंय. जंगम मालमत्ता बेकायदा नेल्याच्या भरपाईला मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत, त्यातली बरीच शिल्लक आहेत. उत्तर आलं नाही तर दावा सांगलीतच लावायचा असं ठरलंय. ते लवाद कायद्याचं कलम ४५ पुढे करतील आणि पहिला वाद त्यावरच होईल, म्हणून मी सध्या त्याचे निकाल काढते आहे. नुकसानीचा आकडा अजून कोरा आहे. मलेशियाच्या ऑर्डरचे जुने कागद शेठ शोधून आणणार आहेत.